पाळी जाताना: कालनिर्णयवरच्या टिंबापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत

महालक्ष्म्यांचा स्वयंपाक चालू होता. सोळा भाज्या झाल्या होत्या, पुरण वाटून झालं होतं, आणि पोळी लाटता लाटता छातीतून एकाएकी गरम लोट उठला तो मानेवरून थेट कानांपर्यंत. ब्लाउज पाठीला चिकटला. सासूबाई म्हणाल्या, "गॅसपाशी तासभर उभी आहेस, होणारच." मलाही पटलं. पण आठवड्याने हेच शाळेच्या स्टाफरूममध्ये झालं, पंख्याखाली बसलेली असताना. मग रात्री. आमच्या माळव्याच्या रात्रींचा थंडावा इतका नावाजलेला की त्या रात्रींना 'शब-ए-मालवा' म्हणतात, आणि त्या रात्रीत मी दोनदा गाऊन बदलत होते.

तेव्हा मी ४६ वर्षांची होते, आज ५२. मी डॉक्टर नाही, इंदूरच्या एका शाळेत गणित शिकवते. या सहा वर्षांत जे विचारून, वाचून आणि चुकून कळलं, ते ज्या क्रमाने कळायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते आहे.

आधी हे नक्की काय ते

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. म्हणजे ती तारीख मागे वळून पाहिल्यावरच कळते. त्रास मात्र बराच आधी सुरू होतो. बीजकोषांचं काम अनियमित होतं, त्यांतून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एका महिन्यात चढतं, दुसऱ्या महिन्यात कोसळतं, आणि हा हेलकाव्यांचा काळ साधारण चार वर्षं चालतो, काहींचा आठ-दहाही. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्यामुळे बाहेरची पुस्तकं वाचून "अजून वेळ आहे" असं समजू नका.

४० च्या आत पाळी थांबली तर "सुटले बाई एकदाची" म्हणून घरी बसायचं नाही. हाडं आणि हृदय यांना इस्ट्रोजेनचा आधार असतो, तो इतक्या लवकर गेला तर उपचार लागतात. ४० ते ४५ मध्ये गेली तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच.

वाफा, म्हणजे ते गरम लोट, का येतात? शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र मेंदूत असतं. इस्ट्रोजेन कमी झालं की ते फार हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी त्याला वाटतं आग लागली, आणि ते कातडीच्या रक्तवाहिन्या उघडून घाम सोडतं. बहुतेक बायकांना हा अनुभव येतो आणि तो सरासरी सात वर्षं टिकू शकतो. मला सुरुवातीला "सहा महिन्यांत जाईल" असं सांगितलं होतं. गेलं नाही, आणि मला वाटत राहिलं की माझंच काहीतरी वेगळं बिघडलंय.

पहिलं काम: कालनिर्णयवर टिंब

आपल्या आयांच्या वेळेपासून ही पद्धत आहे. दुधाचा रतीब कालनिर्णयवर, गॅसची टाकी कालनिर्णयवर, आणि एका कोपऱ्यात लहानसं टिंब, जे घरात फक्त एका बाईला कळतं. सत्यनारायण कधी घालायचा ते त्या टिंबावरून ठरायचं. तेच टिंब आता थोडं वाढवायचं.

तीन महिने लिहा. पाळी आली की टिंब, थांबली की फुली. वाफ आली की 'वा' आणि आकडा, दिवसातून किती. झोप मोडली तर 'झो'. ज्या दिवशी विनाकारण रडू आलं किंवा मुलावर ओरडलात, त्या दिवशी 'चि'. जास्त अंगावर जात असेल तर दिवसाला किती पॅड लागले तो आकडा. एवढंच. सुंदर डायरी आणून पहिल्या पानावर गणपती काढून ठेवली की ती तिसऱ्या दिवशी बंद पडते. माझ्याकडे अशा दोन आहेत.

या नोंदींचा पहिला फायदा म्हणजे नमुना दिसतो. माझ्या 'वा'ची गर्दी शनिवारी रात्री होती. कारण शोधायला डॉक्टर लागले नाहीत, शनिवारी आम्ही सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचो. रात्री अकराला तिखट, गरम, वर चहा. दुसरा फायदा मोठा आहे: डॉक्टर "कधीपासून? किती?" विचारतात तेव्हा आपण "बरेच दिवस झाले, खूप होतं" म्हणतो, आणि त्या उत्तरावर कोणालाच काही करता येत नाही.

आणि एक. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या चाळिशीनंतर स्वतःच्या मनाने घेऊ नका. एक तर अंगावर काय चाललंय तेच कळेनासं होतं, आणि काहींच्या बाबतीत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. देवीला चालतं की नाही हा वाद मी इथे घालत नाही, माझं मत घरच्यांना माहीत आहे.

"शेवटी शेवटी जास्त जातंच" हे वाक्य

या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त राग या वाक्याचा आहे. पाळी पुढेमागे होते, कमी-जास्त होते, हे खरं. पण तासातासाला पॅड बदलावा लागणं, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, सात दिवसांवर रक्त चालू राहणं, २१ दिवसांच्या आत पुन्हा पाळी येणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर डाग दिसणं, यातलं काहीही असेल तर तपासून घ्यायचं. आणि १२ महिने पाळी बंद असताना नंतर एक जरी डाग दिसला, गुलाबी किंवा तपकिरी कसाही, तर त्याच आठवड्यात जायचं. बहुतेकदा कारण साधं निघतं. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असते, आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते.

माझं अंगावर जाणं इतकं वाढलं की हिमोग्लोबिन आठवर आलं. एका दवाखान्यात सोनोग्राफीचा कागद पाच मिनिटं पाहून मला सांगितलं, "मुलं झाली ना? मग पिशवी ठेवून काय करायचंय, काढून टाका." मी जवळजवळ तयार झाले होते. नणंदेने अडवलं, "वहिनी, एका ठिकाणच्या सांगण्यावर साडीसुद्धा घेत नाहीस तू."

दुसऱ्या डॉक्टरांनी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो स्वच्छ आला. मग लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, आणि गर्भाशयात हार्मोन सोडणारी तांबीसारखी एक वस्तू, जी पाच वर्षं चालते. माझी पिशवी आजही जागेवर आहे. कधी कधी पिशवी काढणं हाच योग्य इलाज असतो, मोठ्या गाठी किंवा कॅन्सर असेल तर असतोच. पण आधी हे चार प्रश्न विचारा, चिठ्ठीवर लिहून न्या: नेमकं निदान काय? अस्तराची तपासणी केली का? औषधाने किंवा तांबीने भागेल का? आणि काढायचीच तर बीजकोष ठेवणार की तेही काढणार? शेवटचा प्रश्न विसरू नका. दोन्ही बीजकोष काढले की रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि त्रास जास्त तीव्र असतो. अनावश्यक पिशवी काढण्याचा प्रकार देशात इतका बोकाळला की केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यांना लागू करायला सांगितली. म्हणजे प्रश्न विचारताना संकोच वाटायचं काही कारण नाही.

डॉक्टरांकडे जाताना

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. इंदुरात सरकारी सोय हवी असेल तर मेडिकल कॉलेजशी जोडलेलं, खास बायकांचं एमटीएच हॉस्पिटल आहे. सकाळी लवकर गेलेलं बरं. कालनिर्णयची तीन पानं फाडून न्या (मी फोटो काढून नेला, कारण मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशेब होता). चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. आई-मावशीला स्तनाचा कॅन्सर, मांडीचं हाड मोडणं, पायात गुठळी असं काही झालं असेल तर तेही सांगा.

तपासण्या साधारण अशा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, गरजेप्रमाणे सोनोग्राफी, आणि गर्भाशयमुखाची तपासणी. सरकारी आरोग्य केंद्रांवर ३० वर्षांपुढच्या बायकांची गर्भाशयमुख आणि स्तनांची प्राथमिक तपासणी होते, ती पुष्कळजणींना माहीतच नसते. उलट लॅबवाले 'हार्मोन पॅकेज' विकतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला वाफा येत असतील आणि पाळी पुढेमागे होत असेल तर निदानासाठी त्या तपासणीची सहसा गरज नसते. हे आकडे या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरेच असतात.

सगळा घाम पाळीच्या खात्यावर मात्र टाकू नका. रात्री घाम, सोबत बारीक ताप आणि वजन घटत असेल तर क्षयाची तपासणी हवी. घाम फुटून छातीत दडपण, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं असेल तर १०८ ला फोन करायचा, ओवा चावत बसायचं नाही. पाळी गेल्यावर हृदयविकाराचा धोका वाढतो आणि बायका तो अंगावर काढतात.

वाफा आणि रात्र

सिंथेटिक गाऊन आणि नायलॉनच्या साड्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाका. हातमागाच्या साड्यांचं महेश्वर शंभरेक किलोमीटरवर असून आपण पॉलिस्टर का नेसतो, हा मला नव्याने पडलेला प्रश्न. दिवसा सुती, रात्री मलमल. नवरा-बायकोत एक रजई असेल तर दोन करा. हा लहानसा बदल आमच्याकडे सर्वांत उपयोगी ठरला, कारण माझं पांघरूण उडालं की त्यांना थंडी वाजायची आणि रात्री अडीचला भांडण व्हायचं.

कूलरबद्दल इंदूरकरांना सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, तेव्हा कूलर उत्तम. पावसाळा लागला की त्यातलं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा. दमट हवेत कूलरने घाम वाळत नाही, उलट चिकचिक वाढते आणि वाफ आली की जास्त घुसमटल्यासारखं होतं.

वाफ आली की मनगटं गार पाण्याखाली धरा आणि श्वास सावकाश सोडा. 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला जाते तेव्हा कडेची खुर्ची आणि पर्समध्ये घडीचा पंखा, असा माझा बंदोबस्त असतो. पहिल्यांदा तो पंखा काढला तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघींनी आपापल्या पर्समधून काढले.

तिखट, चहा-कॉफी, दारू यांनी वाफा वाढतात, पण प्रत्येकीला सगळ्यांनीच नाही. म्हणून पोहे-जलेबी सोडा असं मी सांगणार नाही, इंदुरात राहून ते सांगायची हिंमतही नाही. आपल्या नोंदींत जे सापडेल तेवढंच सोडा. मी चार वाजल्यानंतरचा चहा सोडला आणि रात्रीचं जेवण साडेआठच्या आत आणलं. झोप मोडली तर घड्याळ बघायचं नाही, वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, आणि सकाळी उठायची वेळ रविवारीही तीच. विचार आणि सवयी बदलण्याची जी समुपदेशनाची पद्धत आहे, तिने झोप आणि वाफांचा जाच दोन्ही कमी होतात हे अभ्यासांत दिसलंय.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती

वाफांवर सर्वांत प्रभावी उपाय हाच आहे, आणि सर्वांत जास्त भीतीही त्याचीच. ही भीती २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासातून पसरली. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचं आणि गुठळ्यांचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. बातमी सगळीकडे गेली. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, ही गोष्ट मागे राहिली. आजचं मत असं, की वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील, आणि त्रास खरोखर असेल, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त होतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातलं औषध घ्यावंच लागतं, नाहीतर अस्तर वाढतं. त्वचेवरून दिलेल्या इस्ट्रोजेनमध्ये गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी.

स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका होऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर सहसा हा मार्ग नाही. अशांसाठी हार्मोन नसलेल्या गोळ्या आहेत. नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत वाफांवर चालतात. चिठ्ठीवर ते नाव वाचून "मला वेडी ठरवलं" असं वाटून घेऊ नका.

शतावरी, सोयाबीन वगैरेंनी काहींना बरं वाटतं, पण पुरावा कमकुवत आहे. भिशीतल्या मैत्रिणीने दिलेलं बिननावाचं चूर्ण तर नकोच. काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

हाडांचा हिशेब

पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्याने झिजतात, आणि मोडेपर्यंत दुखत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार या वयात रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. आता बेरीज करा. २०० मिलिलिटरचा एक पेला दूध किंवा तेवढंच दही म्हणजे साधारण २४०; दोन वेळा घेतलं तर ४८०. पॉलिश न केलेल्या तिळाचे दोन मोठे चमचे, चटणीत किंवा भाजीवर, दोनशेच्या वर. नाचणीच्या ४० ग्रॅम पिठाची भाकरी, दीडशेच्या जवळ. (इंदुरात नाचणी मागितली तर दुकानदार बघत राहतो, 'रागी' म्हणा.) वर राजगिऱ्याची किंवा मेथीची भाजी, थोडं पनीर. उरलंसुरलं गोळीने भरून काढा, पण ती गोळी लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी तिन्ही सकाळी एकदम गिळायचे.

प्रथिनंही मोजा. पोळी-भाजी आणि वाटीभर पातळ वरण यात ती पुरत नाहीत. डाळ घट्ट करा, मूग, हरभरे, अंडी जे चालतं ते वाढवा.

चालणं हवंच, आठवड्याला १५० मिनिटं, जराशी धाप लागेल असं. पिपल्यापाळ्याच्या रीजनल पार्कात सकाळी निम्मं गाव असतं. पण नुसतं चालून भागत नाही, स्नायूंना वजन लागतं, आठवड्यातून दोन दिवस तरी. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या खांद्यावर उचलणं. घरात मांडीचं हाड मोडल्याचा इतिहास असेल किंवा पाळी लवकर गेली असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या.

जे भिशीतही बोललं जात नाही

वाफा कधी ना कधी कमी होतात. योनीचा कोरडेपणा उपचारांशिवाय सहसा जात नाही, वाढतच जातो. जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीचा संसर्ग, हे सगळं एकाच कारणाचं असू शकतं. साबणाने आतून धुणं आधी बंद करा. संबंधांच्या वेळी पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट वापरा, औषधाच्या दुकानात मिळतं. ओळखीच्या केमिस्टकडे मागायला लाज वाटत असेल तर दुसऱ्या मोहल्ल्यात जा, मी सुदामा नगरातून जाऊन विजय नगरात घेतलं. खोबरेल तेल काहीजणी वापरतात, पण त्याने निरोध फाटतो. एवढ्याने भागलं नाही तर इस्ट्रोजेनचं मलम डॉक्टर देतात. ते तिथल्या तिथे काम करतं, रक्तात फार थोडं जातं.

निरोधावरून आठवलं. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यायची.

खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब जात असतील तर लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच पाच सेकंद आवळून सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाजी निवडतानाही होतं. किमान तीन महिने केल्याशिवाय फरक दिसत नाही.

घरात सांगायचं कसं

"मला बरं वाटत नाही" एवढ्याने कोणाला काही कळत नाही. मी एका रविवारी दुपारी, भांडण नसताना, सांगितलं, "अहो, माझी पाळी जाण्याचे दिवस आहेत. रात्री झोप होत नाही, त्यामुळे सकाळी चिडते. सकाळचा डबा आठवड्यातून तीन दिवस तुम्ही बघा, आणि मी एकदम गप्प झाले तर दहा मिनिटं काही विचारू नका." त्यांनी विचारलं, "हे किती दिवस?" मी म्हटलं, "कदाचित काही वर्षं." ते गडबडले, पण डबा करायला लागले. पोह्यांत मीठ कमी पडायचं, मी बोलले नाही. मुलगा कॉलेजात होता, त्यालाही सांगितलं. सासूबाईंना विचारलं, "तुमच्या वेळी काय झालं होतं?" तेव्हा त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं की त्या रात्री ओसरीवर जाऊन बसायच्या आणि कोणी पाहू नये म्हणून दिवा लावायच्या नाहीत.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच मन लागेना, जगावंसं वाटेना, तर ते 'चि'च्या चौकटीत बसत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, दिवस-रात्र चालू, फुकट.

आमच्या भिशीत आता पैसे मोजून झाले की अर्धा तास हाच विषय असतो. एक मालवी मैत्रीण आहे, ती म्हणते "महीना बंद हुआ", आम्ही म्हणतो "पाळी गेली", आणि नोंदी सगळ्यांच्या सारख्या.

शेवटचं टिंब कोणतं होतं ते त्या वेळी कळत नाही, म्हणून वर्ष संपलं तरी जुनं कालनिर्णय रद्दीत देऊ नका. बारा महिने रिकामे गेले की शेवटच्या पाळीची तारीख डॉक्टरांच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे कधी डाग दिसला, हाड मोडलं किंवा हार्मोनच्या गोळ्यांचा विषय निघाला, तर ते आधी तीच तारीख विचारतात.